मामा की काका

पहिल्या खंडाच्या एकशे बाराव्या पानावर
मी हार मानली आणि वही काढली.
औषध कंपनीची, फुकटातली, कव्हरवर गुडघ्याचं चित्र.
तोवर बेचाळीस माणसं झाली होती, तीन राज्यं,
आणि एक नदी, जिला दर काठावर वेगळं नाव.

नावांची भीती नव्हती म्हणा.
ॲबरिस्टविथला राहून सात वर्षं झाली,
बसच्या कपाळावरचं गाव अजून
मी बोट दाखवूनच मागते,
आणि लायब्ररीतली ग्लेनिस दरवेळी म्हणते,
घशातून, घशातून, काटा अडकल्यासारखं.
त्यापुढे ड्रॅगन पाळणारे लोक सोपे.

अडचण वेगळीच. थारेन आणि थारेल.
आमच्या फार्मसीत नियमच आहे,
सारख्या नावांच्या गोळ्या शेजारी ठेवायच्या नाहीत.
लेखकाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.
मी थारेनला पिवळा ठिपका दिला, थारेलला हिरवा,
पुढे "जेवणानंतर" लिहिणारच होते चुकून.

विश्राम तीच पुस्तकं वाचतो, माझ्या मागोमाग,
आंघोळीच्या टबात, पानं फुगवून.
त्याला राजे आठवत नाहीत. घोडे आठवतात,
आणि कुणी काय खाल्लं.
"ती गं, जिनं बदकाचा रस्सा सांडला"
असं म्हणतो तो साम्राज्ञीला.

तिसऱ्या खंडात मात्र मी फसले.
पुस्तकात नुसतं अंकल लिहिलं होतं.
आता वहीत अंकल काय लिहू?
आमच्याकडे एवढ्याशा माहितीवर
माणसाला पाटसुद्धा मांडत नाहीत.
आईकडचा की बापाकडचा, सख्खा की चुलत,
की मावशीचा नवरा, लग्नात रुसून बसणारा?
राजकन्येला मांडीवर घेऊन
तो अक्रोड फोडून देत होता,
म्हणून मी लिहिलं: मामा.
पेनानं.

चारशे पानं तो मामाच राहिला.
मग एका रात्री, बाहेर समुद्र
किनाऱ्यावरचे गोटे रस्त्यावर फेकत असताना,
त्यानं तिच्या धाकट्या भावाला विहिरीत ढकललं
आणि सिंहासनावर हक्क सांगितला.
हक्क!
म्हणजे काका होता.
मराठी शाळेत शिकलेली बाई मी,
वाड्यातून धावणाऱ्या पुतण्याची ती हाक
चौथीपासून पाठ,
तरी मला काका ओळखू येऊ नये?
दोन दिवस मी पुस्तक उघडलं नाही.
पोराच्या मरणाचं होतंच काही,
पण जास्त करून त्या अक्रोडांचं.

वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ आहे, ठिपका नसलेली.
किल्ल्याचं दार उघडणारा म्हातारा.
डाव्या हाताला दोन बोटं. नाव नाही.
दुसऱ्या खंडात त्याला पडसं झालं होतं.
चौथ्यात तो कुणाला तरी "सांभाळून" म्हणाला.
पाचव्यात त्याच हाताला पाच बोटं.
सहाव्यात दार "उघडलं गेलं".
मेला असंही नाही, कामावरून काढला असंही नाही.
लेखक विसरला. होतं तसं, एवढ्या गर्दीत.

सातवा, शेवटचा, ग्लेनिसनं सोमवारपर्यंत राखून ठेवलाय.
तोवर वही नीट लावावी म्हणून बसले,
बंद दाराआडून विश्रामला विचारलं,
तुला तो आठवतो का रे, दारावरचा?
पाण्याचा आवाज थांबला.
"कोण, तो कांदा-पाव खाणारा?"

कुठला कांदा? मी खंड दोन उघडला.
पान एकसष्ट, खालून तिसरी ओळ.
होता. पावही होता, शिळा.
माझ्याकडून राहिला होता.
त्याच्या ओळीपुढे जागा होती थोडी,
तिथे लिहिलं, कांदा, पाव.
पेनानं.