चारशे बारा पाहुणे

डंडीत, हिलटाउनच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर
माझं एक राज्य आहे.
म्हणजे खेळ विकत घेतलेला, सेलमध्ये, सहा पौंडांना;
राज्य मात्र लोकांनी आणून दिलेलं,
फुकट, तुकड्या-तुकड्यांनी.
कुणी गवत दिलं. कुणी घोड्याला आयाळ.
कुणी नुसता पाव:
आधीचा पाव विटेसारखा दिसायचा
हे त्या एकाला सहन झालं नाही.
असे चारशे बारा मॉड.

आणि त्यांचे मानपान!
गवताच्या आधी वारा बसला की गवत रुसतं,
एका नकाशाच्या मांडीला मांडी लावून
दुसरा नकाशा बसत नाही,
एकाचं पान चुकीच्या जागी मांडलं
तर सगळी पंगत उठून जाते
आणि उरतो काळा पडदा.
लग्नघरातल्या थोरल्या काकूसारखी
यादी हातात घेऊन
कितीतरी रविवार घालवलेत मी.

जुनी डिस्क बिचारी फिरत होती.
आत सुपारी कातरल्यासारखी कट् कट्,
प्रत्येक दाराशी पावणेचार मिनिटं.
पडद्यावर तांब्याचं एक भांडं स्वतःभोवती फिरायचं
आणि खाली तोच उपदेश:
दमलेल्या घोड्याला पळवू नका.
तेवढ्यात मी आठवड्याचा लसूण सोलायची,
दातांच्या लॅबमधला एप्रन मशिनला टाकायची,
टे नदीवरच्या पुलावरून जाणारी गाडी
शेवटच्या डब्यापर्यंत बघायची.
आत शिरल्यावरही डोंगर उशिराच यायचे.
झाडं तर मी पुढे गेल्यावर मागे उगवायची,
मी वळून बघेन म्हणून.

फिनलेच्या दुकानात ती काउंटरवर ठेवलेली:
काडेपेटीहून पातळ, वजन जवळपास नाहीच.
फिरणारं काही नाही हिच्यात, तो म्हणाला.
मग दमते कशी?
लिहून लिहून, तो म्हणाला,
आणि पावती फाडली.
फ्रेम वाढणार नाहीत हं, अडखळणं जाईल फक्त.
म्हटलं, तेवढं गेलं तरी पुष्कळ.

रात्रभर एकीतलं दुसरीत उतरत होतं.
नावं सरकत होती, मी शाल घेऊन बसलेली.
ओहायोतला कुणी जुना बिज्जू (हेच नाव लावायचा तो)
दहा वर्षांत कुणाला दिसलेला नाही.
त्याने फक्त कंदिलाभोवतीची पाखरं केली होती.
सात मेगाबाइट.
पहाटे साडेचारला तीही अलीकडे आली,
पंख शाबूत.

आता नऊ सेकंद.
भांडं अर्धी गिरकी घेतं न घेतं
तोवर दार उघडलेलं,
डोंगर आधीच येऊन बसलेले,
झाडं वाट बघत असल्यासारखी.
घोड्याविषयीचं वाक्य पुरं वाचून होत नाही.
लसूण तसाच राहतो टोपलीत,
एकदा तर कोंब फुटले त्याला.

जुनी डिस्क मी फेकली नाही.
स्क्रू काढून पाहिलं: आत लखलखीत ताटली,
कुणीच न जेवलेली.
तीत माझं नाक जरा मोठं दिसलं.

काल खालच्या मजल्यावर पेट्रीबाईंकडे
त्यांचं पार्सल द्यायला गेले.
बेल वाजवली.
आतून रेडिओ बंद झाल्याचा आवाज, मग काठी,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग साखळी, जी दर वेळी
आधी चुकीच्या बाजूला ओढतात त्या.
मी पार्सल या हातातून त्या हातात घेतलं.
आत भिंती, दिवे, बाई, बाईंचा आवाज,
एकेक करून जागेवर येत होते.
घाई नाही, मी दाराला म्हटलं,
मराठीत.