वल्ह्याची गोष्ट

फळ्यावर मी लिहिलं: हवामान बदल.
खाली: एक माणूस, एक दिवस, दोन पानं.
आणि अख्ख्या वर्गाचा निबंध झाला.

‘पृथ्वी तापते आहे,’ एलिसेओनं लिहिलं.
‘आपण झाडं लावली पाहिजेत,’ इर्मानं,
जिनं आजवर तीन झाडं पाहिलीत,
तिन्ही ओरुरोच्या बसस्टँडवर.

मी फळा पुसला.
म्हटलं, हे दोन शब्द आजपासून बंद.
तळं हा शब्दही बंद.
पूर्वी, हा तर अजिबात चालणार नाही.

‘मग लिहायचं काय, प्रोफे?’
विचारणारा वेनान्सियो. पोओपो आटलं
तेव्हा हा आईच्या पाठीवर, गाठोड्यात.

खिडकीबाहेर बघ, म्हटलं.
खिडकीबाहेर मीठ.
मिठावर एक होडी, होडीत कोंबड्या.

घंटा होईपर्यंत सगळ्यांनी पेन्सिली चावल्या.
मीही. कारण खरं सांगायचं तर
मला तरी कुठे येते गोष्ट?
मी गणिताची. गोष्टीचा तास वरून आला,
मागच्या वर्षी पाण्याची टाकी आली तसा,
नळाशिवाय.

सोमवारी वेनान्सियोनं कागद दिला. एकच पान.
आजोबा दुसऱ्यांच्या मिठागरात मजुरीला जातात.
येतात तेव्हा टाचांच्या भेगांत मीठ.
रात्री आढ्याला टांगलेलं वल्हं उतरवतात,
तेल लावतात, पुसतात, पुन्हा टांगतात.
आजी विचारते, कशाला?
ते म्हणतात, नाहीतर लाकूड तडकतं.
संपली.

‘शेवट कुठे आहे?’ असं लिहायला
मी लाल पेन उघडलं,
आणि ‘तडकतं’खाली नुसती रेघ ओढून
टोपण लावलं.

‘रोज लावतात तेल?’
तो हसला. ‘वल्हं कधीच विकलं, प्रोफे.
एका हॉटेलवाल्यानं नेलं, भिंतीवर लावायला.
तुम्हीच म्हणालात ना, गोष्टीत खोटं चालतं.’

मागच्या बाकावरून इर्मा:
‘आजोबांना वाचून दाखवलीस?’
‘हो.’
‘मग?’
‘बराच वेळ गप्प बसले.
मग म्हणाले, तेल नव्हे रे,
फ्लेमिंगोची चरबी लावायची.
आणि दांड्याकडून पात्याकडे, उलटं नाही.
दुरुस्त कर.’

इर्मानं त्याच्याकडे खोडरबर मागितलं.
तास संपला तरी
तिची झाडं खोडून व्हायची होती.