तेरा नंबरची तार

कुताइसीत त्या हिवाळ्यात रस्त्यावरची झाडं संपली,
मग बागेतली बाकं, मग पुस्तकांची कपाटं.
वरच्या मजल्यावरची त्सियाला पियानो शिकवायची.
तिने आधी तारा उतरवल्या.
एकेका खुंटीला पाव वेढा, की पुन्हा पहिलीपासून,
दोन दिवस, हातमोजे घालून.
"एकदम सोडलं तर चेहरा फाडते," म्हणाली,
"सत्तर किलोचा ताण घेऊन उभी असते एकेक,
आणि कशी गप्प, बघ."
आगीत पोलादाचा ताव उतरतो,
म्हणून तारा खाटेखाली, लाकूड चुलीत.
लाकूड नऊ दिवस पुरलं.

सुंभ जळतो, पीळ राहतो म्हणतात.
प्रत्येक तारेच्या टोकाला खुंटीचे तीन वेढे होते,
कितीही सरळ करा,
परत वळायचे.

मग लोक जिना चढायला लागले.
बेसोने धुराडं बांधायला जाड तार नेली,
तांब्याचं वेटोळं सोलून ते वेगळं विकलं.
कुंभारणीने चाकावरून माती कापायला वीतभर.
दातांच्या डॉक्टरने, ओल्या जिन्यावरून पडलेल्या
माझ्या धाकट्या भावाचे हलणारे चार दात
एका तुकड्याने एकमेकांना बांधले.
महिनाभर तो तोंड मिटून हसायचा.
सशाचे फास, उंदराच्या सापळ्याची स्प्रिंग.
पैसे कुणाकडेच नव्हते. ती अंडी घ्यायची, नाहीतर नाही.

एकदा एक अनोळखी माणूस आला.
हातभर हवी, म्हणाला,
दोन्ही टोकांना लाकडी मुठी लावून.
"चीज कापायला?"
तो हसला नाही.
तिने त्याच्या हातांकडे बघितलं.
"संपली," म्हणाली, आणि कडी लावली.
खाटेखाली तेव्हा दीडशे तरी होत्या.

तिचा रेझो समुद्राकडे लढायला गेला होता.
पोस्टातून त्याची तार आली नाही,
बरी नाही, वाईटही नाही.
घरात एवढ्या तारा, ती म्हणायची,
आणि बाकीचं बोलायची नाही.

तेरा नंबरची, सगळ्यात बारीक,
तिने माझ्या आईला दिली.
ती आता माझ्या स्वयंपाकघरात आहे.
सुलुगुनीच्या गोळ्यावर ताणून धरली
की कापण्याआधी क्षणभर वाजते.
त्सियाला आमच्याकडे जेवायला असली
तर बाहेरच्या खोलीतून ओरडायची:
"अर्धा सूर उतरलाय!"
मी अजून जरा जास्तच ताणते.