पान एकशे बाराची दुरुस्ती

दिवसा कॉलेजात मी शिकवत असे लढाया नि तह,
संध्याकाळी वर्तकनगरच्या दोन खोल्यांत
चित्रकारांच्या उधाऱ्या मोजत बसे.
कुणी वाण्याचे किती बुडवले,
कुणाला कुठल्या साली चष्मा लागला
आणि त्यानंतर त्याचा निळा कसा बदलला.
एकतीस वर्षं, चार चरित्रं.
पेन्शन मात्र लढायांची.

पहिलं पुस्तक रघुवीर टिपणिसांवर.
चरईतली चाळ, मागच्या खोलीला खिडकी नाही.
वागळे इस्टेटीत बिस्किटांच्या कारखान्यात हिशेबनीस,
रात्री चित्रं.
बहात्तरच्या दिवाळीपासून सव्वीस महिने
एकही कॅनव्हास नाही. पत्र नाही. डायरी कोरी.
त्या कोऱ्या पानांकडे मी पाहत राहिले, वय तेहेतीस,
आणि लिहिलं बावीस पानांचं प्रकरण: ‘मौन’.
भावाचा मृत्यू घातला त्यात, युद्ध, दुष्काळ,
आणि थोडं माझंही काही,
जे तेव्हा कुणाला सांगता येत नव्हतं.
लोकांना तेच आवडलं.
नागपूरच्या एका मुलीनं त्यावर पीएच.डी. केली.

गेल्या माघात दारात एक म्हातारा.
बाळकुमहून रिक्षानं आलेला, सोबत नात,
नातीच्या हातात वाचनालयाच्या शिक्क्याचं
माझंच पुस्तक, कणा सुटलेलं.
काथोड भोईर. बोर्डातून लाइनमन म्हणून निवृत्त.
पाणी प्यायला, पेला पालथा ठेवला, म्हणाला,
“बाय, ही मना रोज थोरं थोरं वाचून दावते.
त्यांची लाइन मीनंच कापलेली.
एकोणचाळीस रुपये थकले व्हते.”

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
सुरू होत नव्हती.

रात्रीचा माणूस तो. कंदिलाखाली
पिवळा नि पांढरा एकच दिसतो,
हे मला ठाऊक होतं. चौथ्या पुस्तकात लिहिलंय मी,
दुसऱ्याच माणसाविषयी.

“आणि पान एकशे बारा,” नात म्हणाली.
एकशे बारावर मौनानंतरचं पहिलं चित्र:
काळ्यात पिवळं वर्तुळ, डावीकडून आलेली एक रेघ.
खाली माझी वाक्यं. विझून पुन्हा उगवलेला आत्मा,
रेघ म्हणजे त्याच्याकडे जाणारी वाट.
म्हाताऱ्यानं पुस्तक नाकापाशी नेलं.
“बलब हाय तो,” म्हणाला. “साठचा.”

एका साक्षीवर विसंबू नका, मुलांना सांगत आले जन्मभर.
गेले बोर्डाच्या कचेरीत.
त्या सालची रजिस्टरं पुरात गेली,
कारकून म्हणाला, किंवा रद्दीत.
म्हणजे उरला एकच साक्षीदार,
तोही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
बसस्टॉपवर उभी असताना ध्यानात आलं,
माझ्या प्रकरणाला तर एकही नव्हता.

प्रकाशक वारले. मुलगा घोडबंदरला फ्लॅट विकतो.
फोनवर चांगलं बोलला. दुसरी आवृत्ती, म्हणाला,
निघेलसं वाटत नाही, काकू.
तुमचं स्वतःचं घर आहे ना?

मूळ चित्र पाचपाखाडीत एका बँकेत,
लॉकरकडे उतरणाऱ्या जिन्यावर.
मी त्यांना घेऊन गेले. वॉचमननं खुर्ची दिली,
भोईर बसले नाहीत.
खांबावर चढण्याआधी पाहत असतील
तसे मान वर करून कितीतरी वेळ उभे.
मग हवेतच बोट फिरवत म्हणाले,
“वायर उजवीकडून येत व्हती.
डावीकडं शेजाऱ्याची भिंत.
डावीकडून येलच कशी?”

नातीकडून पुस्तक घेतलं, पर्समधली पेन्सिल काढली.
वाचनालयाच्याच प्रतीत, समासात, बारीक अक्षरात
बल्ब लिहिला, थकबाकी लिहिली, भोईरांचं नाव लिहिलं.
भाऊ, युद्ध, दुष्काळ खोडायला हात झाला नाही.
आणि अगदी खाली, शिक्क्याला लागून:
रेघ डावीकडून का, कळत नाही.