टेम्पो

खोक्याची चिकटपट्टी अनंताने दातांनीच तोडली.
कात्री शोधायला उठायचा कुणाला धीर नव्हता.
घणसोली गावात, पोशाच्या घरावरच्या पत्र्याच्या खोलीत,
जिथे लग्नं संपली की ढोलक्या
गोणपाटात गुंडाळून पावसाळाभर झोपतात,
थर्माकोलचा जबडा उघडला
आणि एकसष्ट पट्ट्या बाहेर आल्या.
एकीवरही हळद नव्हती.

जुन्याच्या फटींत अकरा वर्षांची हळद आहे.
मधला सा दाबला की वर यायला वेळ घेतो,
कोपरीच्या मांडवात नवऱ्याच्या मावशीने
वाटी उपडी केली तेव्हापासून.

हा अठरा हप्त्यांचा.
बायकोला मी बारा सांगितलेत.

स्क्रीनवरचं प्लास्टिक काढू नको, म्हणाला अनंता,
आणि मग त्यानेच यादीत बेंजो शोधला.
दाबला. सुक्या काटक्या मोडाव्यात तसं काहीतरी वाजलं.
"हा कुठल्या गावचा बेंजो?
आपल्याला टाइपरायटरच्या कळा असतात रे बाबा,"
आणि तो हसला, जरा जास्तच वेळ.

सनई चांगली होती.
इतकी चांगली, की हिराजीने,
बाविसाव्या वर्षापासून जो क्लॅरिनेट फुंकतो,
खिशातून रीड काढून जिभेवर ठेवली
आणि तशीच ठेवून बसला,
बोलायला लागू नये म्हणून.

मग ताल.
भजन, भांगडा, गरबा, तीन तऱ्हेचे दादरे,
आमचं काही नाही.
शेवटी 'फोक दोन' नावाखाली
आमच्यासारखं कुणीतरी सापडलं.
डाव्या हाताची तीन बोटं टेकवली
आणि ढोलकी, घुंगरू, खाली बेस, मागे व्हायोलिनचा थवा,
सगळे एकदम वेळेवर हजर.
कुणी टपरीवर गेलेलं नाही,
कुणाची चप्पल हरवलेली नाही.

पोशा मान तिरकी करून ऐकत होता,
बाजारात नारळ कानाशी धरून हलवतात तसा.
आम्ही कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.
"पोर बेस वाजवतंय रं," तो म्हणाला.
"पन कुनाकरं बगत नाय."

एन्डिंगचं बटण त्यानेच दाबलं.
दोन मात्रांची उडी, एक थाप, आणि शांतता,
धुतलेल्या ताटासारखी.
आम्हाला असं थांबणं माहीत नाही.
आमचा शेवट म्हणजे दहा वाजता आलेले हवालदार,
किंवा नवरीचा काका, जो म्हणतो
अजून एकच, आणि ते एक पाऊण तास चालतं.

कुणी हिशेब केला नाही.
म्हणजे मोठ्याने केला नाही.
पाच माणसांत सुपारी वाटली तर किती,
दोघांत वाटली तर किती,
हे तिसरीतलं गणित आहे,
आणि पत्र्याखाली आम्ही पाच जण
तिसरीतल्या पोरांसारखे
आपापल्या पायांची बोटं बघत होतो.

पोशाने गोणपाट सोडलं.
शाई तळहाताने चोळली, दोरीच्या कड्या वर सरकवल्या,
म्हणाला, चालू ठेव त्याला.
एकशे अठ्ठावीसवर ते पोर वाजवत होतं,
पोशाही एकशे अठ्ठावीसवर, अगदी सभ्यपणे,
बरोबर वीस थापा.
मग त्याने समोर बघितलं, जिथे कुणीच नव्हतं,
पण त्याला तिथे बायका दिसल्या असणार,
पदर खोचलेल्या, पाय उचललेल्या,
आणि तो निसटला.

यंत्र मागे राहिलं.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आता पळायचं.
माझा उजवा हात सुरांवर, डावा कॉर्डवर,
आणि तिसरा हात हवा होता त्या गोल बटणासाठी,
म्हणून सूर सोडले आणि बटण धरलं:
एकशे एकतीस, पस्तीस,
एकशे चाळीस, थांब पोशा, एकशे शेहेचाळीस,
अनंता ओरडतोय, सोड त्याला, सोड,
हिराजीच्या तोंडातली रीड खाली पडली,
तळमजल्यावरून पोशाची सून काठीने छत ठोकतेय,
तेही तालातच,
आणि मी घामाघूम, अठरा हप्त्यांचा मालक,
एका म्हाताऱ्याच्या मनगटामागे
बटण फिरवत धावतोय.