वीस सेंट वर

पहिल्या दिवशी मॅडमनी टाळी वाजवायला लावली.
वाजवली. ती परत आलीच नाही.
भिंतींवर काळा फोम, अंड्यांच्या ट्रेसारखा,
एसी वीसवर. बाहेर बांभोरीच्या उतारावर ऊन,
आणि गिरणेच्या पुलावरचे ट्रक
कुणी ओल्या फडक्यानं पुसून टाकलेले.
मी वहीत लिहिलं : इथे काहीच परत येत नाही.
मग खोडलं. परीक्षेत असं लिहीत नाहीत.

पुढच्या सत्राला काम मिळालं :
घरातलं एक वाद्य ध्वनिमुद्रित करून आणा.
ऋतुजा बोरोले मामाची पेटी म्हणाली.
माझ्या घरात बा होता :
सुभान तडवी, क्लॅरनेट,
नवतारा ब्रास बँड, फैजपूर.

मे महिना. चव्वेचाळीस.
दुकानात माइक लावला तर शेजारच्या पंक्चरवाल्याचा
कॉम्प्रेसर दर तीन मिनिटांनी धडधडायचा
(आम्हाला शिकवलेला कॉम्प्रेसर वेगळा).
ट्यूनरचा काटा वीस सेंट वर, लाल.
'बा, चढा वाजवतोस.'
त्यानं क्लॅरनेटचा सांधा जरा ओढला,
फटीत रुपया घालून पाहिला.
जुना रुपया. नव्याची जाडी भरत नाही म्हणे.
'वैशाखात रुपया, तुळशीच्या लग्नाले चाराने.
उस्तादनं इतलंच सांगतलं होतं.'
मी त्याला सूत्र सांगितलं, ध्वनीचा वेग,
तीनशे एकतीस अधिक शून्य पूर्णांक सहा गुणिले तापमान.
त्यानं पूर्ण ऐकून घेतलं
आणि रुपया खिशात टाकला.

सावद्याच्या रस्त्यावर नेहेते शेठचं
केळी पिकवायचं चेंबर त्या आठवड्यात रिकामं होतं.
जाड दार, गुळगुळीत पांढरे पत्रे, सोळा अंश,
कोपऱ्यात सुटलेल्या फणीचा गोडूस वास.
बा बँडचा लाल कोट घालून आला.
'कोट कशाला?'
'रेकॉर्डिंग हाये नं.'
मी टाळी वाजवली. ती परत आली,
पुन्हा आली, पुन्हा,
जशी काही घर विसरलेली.

चाळीस वर्षं बा रस्त्यावर वाजवत आला,
डावीकडे ढोल, मागे जनरेटर.
डावा कान ढोलानंच नेला.
इथे चार स्वर झाले आणि थांबला.
'हा कोन वाजवू राह्यला?'
'तूच.'
काटा पंधरा सेंट खाली.
त्यानं सांधा आत दाबला, अजून दाबला,
दाबायला जागा उरली नाही.
क्लॅरनेट छातीशी धरून बसला थोडा वेळ,
फुंकर मारून तळवे गरम केले.
'दार उघड.'
'बा, ट्रकांचा आवाज येईल.'
'येऊ दे.'

अकरा मिनिटं एकच चाल, हळदीची,
जी डीजे आल्यापासून कुणी सांगत नाही.
ऊन उंबरा ओलांडून आत आलं,
आणि पडद्यावर माझी रेघ चढू लागली,
खालच्या पंधरावरून शून्यावर,
तिथे थांबेल वाटलं, थांबली नाही.
सातव्या मिनिटाला घडाचं ओझं खांद्यावर तसंच ठेवून
एक हमाल दारात उभा राहिला,
विचारता झाला, 'कोनाची हळद?'
बा वाजवत होता. मी काही बोलले नाही.
उत्तर द्यायला हवं होतं.

मॅडम म्हणाल्या, चांगलं आहे, पण स्वर सरकतोय,
सॉफ्टवेअरमधून सरळ करून दे.
एक क्लिक. केली.
बाची अकरा मिनिटं आखीव झाली,
आणि त्यासोबत हमालाचा प्रश्नही
ओढून जवळच्या षड्जावर बसवला गेला :
इतका सुरात, की प्रश्न वाटेना.

ती फाइल माझ्याकडे आहे. दिली दुसरी, पहिली.
वीसपैकी अकरा मिळाले.
जोडपत्रात एक रकाना होता, खोलीचे तापमान,
तिथे लिहिलं होतं :
सोळा ते चव्वेचाळीस. दार उघडं.