शून्य नंबरचा पडदा

रात्री सव्वाबारा. दांडिया बाजार.
खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्ही बंद केला,
मी तेच वाक्य सतराव्यांदा वाचतेय:
डिस्प्ले उघडता येत नाही.

यंत्र काळ्या घोड्याच्या पुलापलीकडे,
पंपघराला लागून असलेल्या खोलीत.
त्याला पडदा नाही, कळफलक नाही,
अशा यंत्राला आमच्या धंद्यात बिनडोक म्हणतात,
आणि ते कुणाला लागत नाही.
दिवसभर विश्वामित्रीचे फोटो गिळतं,
मगरी मोजतं,
मोजून झाल्या की चित्र काढतं,
प्रत्येक मगरीभोवती लाल चौकोन.
उद्या अकराला वनखात्याचे तांबवेकर येणार.
त्यांना नुसता आकडा नकोय.
चौकोन बघायचेत.

छोट्या एक्सनं आत गेले.
छोटा एक्स म्हणजे चित्र नको,
मोठा एक्स म्हणजे हवं:
एका अक्षराच्या उंचीत अर्धा तास गेला.
मोठ्या एक्सनं गेले, तर यंत्र म्हणालं, कुकी कुठाय?
कुकी म्हणजे ओळखीची चिठ्ठी.
ती लिहून देणारा कारकून इथं कुणी नेमलेलाच नाही.
नेमायचा तर मूळ पासवर्ड हवा, तो हिरलकडे,
हिरल नडियादला, मावसभावाच्या लग्नात,
फोन बंद.

सेटिंगच्या फायलीत नुसतं डोकावले.
चित्र बाहेर पाठवणे: नाही.
शेजारी शेरा, सुरक्षिततेसाठी,
खाली आद्याक्षरं. कुं. फ.
कुंदा फणसे. मीच की.
पाच वर्षांपूर्वी पासवर्ड माझ्याकडे होता
आणि मला सगळ्याच दारांची भीती वाटायची.

रतनसिंहला फोन लावला. रात्रपाळीचा राखणदार.
यंत्र चालू आहे ना?
खुर्ची सरकली, कडी वाजली,
बेडूक आधी ऐकू आले, मग तो:
लाइट तो चालू छे, बेन.
कसली लाइट?
लीली.
हिरवी. म्हणजे पलीकडे सगळं ठीक आहे,
बिघाड माझ्या बघण्यात आहे.

मग दमून, कुठंतरी वाचलेलं आठवून,
पत्ताच बदलला.
डिस्प्ले बरोबर विसर्गासारखे दोन ठिपके आणि शून्य.
एंटर.

चूक नाही आली.
चित्रही नाही आलं.
ओळीखाली ओळ नाही, तक्रार नाही,
कर्सर तेवढा लुकलुकतोय.
इतका वेळ निदान भांडत तरी होतं.

फोन वाजला.
बेन, अहीं टीवीमां मगर आव्यो.

टीव्ही कुठला? तिथं टीव्ही नाही.
छे ने. हिरलबेन बपोरे मूकी गयां.
दुपारी हिरलनं जुना मॉनिटर जोडला असणार,
लॉगिन केलं असणार,
आणि लग्नाच्या घाईत तसाच सोडून गेली.
शून्य नंबरचा पडदा म्हणजे
यंत्राच्या स्वतःच्या समोरचा.
मी त्याला दाखव म्हटलं,
त्यानं समोर होता त्याला दाखवलं.

रतनसिंहचा फोन बटणांचा, फोटो निघत नाही.
मी म्हटलं, तुम्हीच सांगा, काय दिसतंय.
तो सांगत गेला.
दुपारचं ऊन आहे. पाणी मातकट.
मोठी मादी, शेपटी थोडी तुटलेली, हिला ओळखतो.
दोन पिल्लं एकाच चौकोनात.
काठावर कुणाची तरी चप्पल.
पुलाच्या सावलीत एक नुसते डोळे.

यंत्र बारा म्हणतंय, मी म्हटलं.
तो थांबला. पुन्हा मोजत असावा, बोट काचेवर टेकवून.
अगियार, बेन. एक तो लाकडुं छे.
रोज तिथंच असतं. सकाळी त्यावर बगळा बसतो.

वहीत बारा खोडून अकरा लिहिलं.
तांबवेकरांना उद्या सरळ तिथंच नेईन,
आणि मोजायला रतनसिंहला बसवीन.

बंद करू का आता? विचारलं.
थोडी वार रहेवा दो, तो म्हणाला.

म्हणून खिडकी मिटली नाही.
माझ्याकडे काळ्या पडद्यावर कर्सर,
आणि नदीपलीकडे, बिनडोक यंत्रासमोर,
खुर्ची जवळ ओढून बसलेला एक माणूस,
तोंडावर दुपारचं ऊन.